जात्याची तळी

पार्नाससच्या उतारावर चिखल अजून ओला.
म्हातारा पुढे, खांद्यावरून धोंडे टाकत;
त्याच्या मागे पुरुष उठत होते, खोकत.

तिला सापडली जात्याची फुटकी तळी.
कडेला तोच टवका. फिलिन्नाचं जातं.
फिलिन्ना उसनं पीठ न्यायची,
परत करायची नाही.
एवढ्यावरून नऊ वर्षं अबोला,
आणि मग पाणी.

आईची हाडं म्हणे ही. फेका, वळू नका.
तिनं तळी ओल्या वस्त्राला पुसली,
जरा वेळ पोटाशी धरली,
टाकली.

चिखलात पाऊल रुतल्याचा आवाज.
मानेवर गार श्वास, खडीसारखा खरखरीत.
"भूक लागलीय."

न वळताच ती म्हणाली,
"पीठ नाही गं बाई.
या खेपेला
खरंच नाही."