पट्टीच्या आत

चांदिवलीत आमच्या टॉवरसमोरचा रस्ता
या वर्षात तिसऱ्यांदा खणलाय.
आधी पाणी, मग गॅस, आता कसलीशी केबल.
लोक महापालिकेला शिव्या देतात
आणि उडी मारून जातात.
मी उभा राहतो.

ताजी माती मला वाचता येते.
कडेला भुसभुशीत, मधे किंचित बसलेली,
शेजारच्या मातीहून अर्धा रंग गडद:
चोवीस वर्षं सरकारनं मला एवढंच शिकवलं
आणि त्याचंच पेन्शन देतंय.
पोटावर पडायचं, सळई तिरकी धरायची,
बोटं अशी, जशी दुधावरची साय काढताना.
इथं सळई नाही. शिट्टी आहे, रजिस्टर आहे
आणि सेक्रेटरींच्या गाडीला ठोकायचा सलाम.
तो मी ठोकतो. त्यांना वाटतं, त्यांच्यासाठी.

कुंदा म्हणते, तुम्ही घरातसुद्धा
माझ्या पावलावर पाऊल ठेवून चालता.
खरं आहे. मोरीपासून खाटेपर्यंत
ती जिथून गेली तिथूनच जातो.
पहिल्यांदा सांगताना ती हसली होती.
आता फरशी पुसली की
ओली पावलं मुद्दाम मागे ठेवते.

ईरप्पाला लघवीला जायचं होतं.
एवढंच.
पांढऱ्या पट्टीच्या आत राहा म्हणून
सकाळी मीच सगळ्यांना बजावलेलं.
पट्टी मीच लावलेली.
तो पट्टीच्या आतच होता.
चौकशीच्या कागदात आहे: वाऱ्यानं पट्टी सरकली.
वारा होता. होता वारा.
साहेबांनी सही केली, मी सही केली,
वाऱ्याची सही तेवढी कुणी घेतली नाही.

परवा संध्याकाळी ड्युटी संपवून निघालो
आणि फुटपाथच संपला.
डावीकडे बॅरिकेड, उजवीकडे बेस्टची बस,
समोर दोन हात ताजी माती.
मागून कुणी म्हणालं, ओ अंकल, चला ना.
पाय उचलेना.
मे महिना, आणि पाठीवरून
तिकडची थंडी उतरत होती.

खड्ड्याच्या काठावर एक बाई डबा खात बसलेली,
डोक्यावर पदर, पदरावर पिवळं हेल्मेट,
बोलीवरून जालन्याकडची असावी.
तिनं माझ्याकडे पाहिलं, मग मातीकडे.
'काय नाई ओ बाबा, नुस्ती वायर हाय.
म्याच बुजवली दुपारी.'
मी हललो नाही.
'पडायचं भ्या वाटतंय व्हय?'
डबा ठेवला, हात पदराला पुसले,
उठून त्या मातीवर गेली
आणि दोन्ही टाचांनी
थाड थाड थाड.

मी डोळे मिटले.

उघडले तर ती तिथंच.
पायाच्या बोटांतली जोडवी धुळीनं माखलेली,
दाताला मेथीचं पान.
'या,' म्हणाली, 'माझ्या पायावर पाय देत या.'

काल कुलाब्याला गेलो, नौदलाच्या दवाखान्यात.
दर सहा महिन्यांनी तोच फॉर्म.
साखर, रक्तदाब, गुडघा.
'झोप कशी लागते?' या रकान्यात
सात वर्षं मी 'ठीक' लिहीत आलो,
लिहिताना अक्षरसुद्धा ठीक काढत आलो.
काल लिहिलं: वारा.

डॉक्टरीणबाई माझ्या थोरलीच्या वयाच्या,
खांद्यावर तीन तारे, नवेकोरे.
'हे काय, हवालदारसाहेब?'

पंखा डोक्यावर फिरत होता.
फॉर्म फडफडत टेबलावरून सरकत होता,
एकेक बोट, एकेक बोट,
कुणाचं लक्ष नसताना.
मी त्यावर हात ठेवला, घट्ट.

म्हणालो, सांगतो.
आधी तो पंखा बंद करा.