मोकळा पट्टा

थंडी नीट पडली, तरच आमच्या हिउमा बेटापासून
समुद्रावर रस्ता उघडतो.
सव्वीस किलोमीटर नुसता बर्फ,
कडेनं रोवलेल्या जुनिपरच्या फांद्या,
आणि सुरुवातीलाच पाटी:
पट्टा बांधू नका. वाटेत थांबू नका.
पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा.
अंधार पडल्यावर येऊ नका.

आइनार त्या रस्त्याची जाडी मोजायचा.
गिरमिटानं भोक पाडायचं, पट्टी आत सोडायची,
वहीत लिहायचं: चोवीस. तेवीस. परत चोवीस.
काम संपलं की कधीकधी माझ्याकडे यायचा.

पहिल्याच दिवशी ठरवलं आम्ही,
स्वयंपाकघरात, बूट अजून पायात असताना:
लग्न नाही, वाट पाहणं नाही,
सणाला घरच्यांसमोर बसणं नाही.
मी बेचाळीस, तो एकोणचाळीस,
दोघांचाही एकेक संसार मोडून झालेला.
"आणि काही बदललं तर?"
"तर आधी सांगायचं," तो म्हणाला,
आणि मग बूट काढले.

माझी बहीण लेलो म्हणते,
ज्याला नाव नाही त्याला अब्रू तरी कुठली?
मी गुरांची डॉक्टर. गोठ्यांमागच्या घरांत
नाव असलेली नातीही पाहिलीत मी,
वर्षानुवर्षं एका टेबलाशी जेवणारी,
मीठ मागायलासुद्धा मान वर न करणारी.
पण हे लेलोला ऐकवत नाही.
कारण ती मार्चमधली रात्र.

कुसिकांची घोडी विताना गेली. माझ्या हातांत.
शिंगरूही.
मी फोन केला, "ये" एवढंच म्हटलं,
आणि तो अंधारातून आला,
स्वतःच लावलेली पाटी ओलांडून.
नेहमीसारखं विचारलं त्यानं, हवंय ना?
मी हो म्हणाले. खोटं नव्हतं ते.
पण मला तो नको होता.
मला एक अंग हवं होतं, कुणाचंही,
गरम, श्वास चालू असलेलं.
सकाळी त्यानं लापशी केली,
घोडीचं नाव काय होतं, विचारलं.
मी म्हटलं, उशीर होतोय तुला.

दोघांचाही होकार होता. कुणी दार लावून घेतलं नव्हतं.
तरी तो प्रश्न माझ्या घशात
माशाच्या काट्यासारखा तीन आठवडे.
शेवटी सांगितलं त्याला:
त्या रात्री तू तू नव्हतास.
तो बराच वेळ चमचा ढवळत राहिला.
"कळलं होतं," म्हणाला.
"आधी बोलली असतीस, तर दिलं असतं मी.
तू घेतलंस."

आमच्या भाषेत भविष्यकाळ नाही.
उद्याचंही आजच्याच क्रियापदात बोलायचं.
लोक त्यावर विनोद करतात.
मी त्या दिवसापासून
आजचं क्रियापद जपून वापरते.
(घोडीचं नाव हेल्मी होतं.
तेही सांगितलं.)

यंदा तो भर दुपारी आला, न कळवता.
दाराशीच उभा. बूट पायात.
"हापसालूला एक जण आहे.
तिला वाट पाहायला आवडतं."
"फोनवर सांगता आलं असतं."
"आलं असतं."
मी कॉफी ठेवली. त्यानं उभ्यानंच घेतली.
दुखलं का? दुखलं.
ठरलेल्यात ते कुठेच बसत नव्हतं, तरी दुखलं,
आणि ते मी त्याच्या खात्यावर मांडणार नाही.
लेलोला काय सांगायचं, ते बघू.

"आज किती आहे?" मी विचारलं.
"बावीस. उद्या बंद."
मग "जातो," म्हणाला.
येतो, नाही.

गाडी वळली तेव्हा मी ओरडले, "पट्टा!"
त्यानं काच खाली केली
आणि मोकळा पट्टा
हात बाहेर काढून हलवून दाखवला.