टरफलं

नोटरीसाहेबांच्या दिवाणखान्यात, शेकोटीच्या कमानीवर
आमचं घर टांगलंय.
दर शनिवारी मी त्याची धूळ झटकते,
पिसांच्या कुंच्यानं. फडकं लावायचं नाही असा हुकूम आहे.

लायडनचे बडे पाहुणे आले की साहेब छडीनं दाखवतात :
"तीन राजांचा सण. आजोबा तर्र, आई पेंगलेली,
सुरई आडवी, जमिनीवर टरफलं.
मोठ्यांनाच ताळतंत्र नाही, तर पोरं कशी निपजणार?"
पाहुणे हसतात. मी पेले भरते.
डावीकडची, एक मोजा घसरलेली, ती मी.
अजून कुणी ओळखलेलं नाही.

चित्रकार येणार त्याच्या आदल्या रात्री
आईनं फरशी तीनदा घासली होती,
वाळूनं, राखेनं, मग नुसत्या पाण्यानं.
"परका माणूस येतोय, आणि तोही बघायलाच."

तो आला. दारातच थबकला. छान म्हणाला.
मग खिशातून अंड्याची टरफलं काढून
भुरभुरली, कोंबड्यांना दाणे टाकावेत तशी.
सुरई कलंडवली. माझा मोजा खाली ओढला.
आजोबा, ज्यांना ताकदेखील चढायचं,
त्यांच्या हाती रिकामा चंबू दिला.
आई वाकली, टरफल उचलायला.
"राहू द्या, आख्तेबाई," तो म्हणाला.

मग अकरा दिवस आमच्याकडे सणच.
केकमधला घेवड्याचा दाणा टेउनिसला लागला, म्हणून तो राजा.
पणजोबांच्या वेळचा पुठ्ठ्याचा मुकुट,
आतून दर वर्षीच्या राजाचं नाव,
चित्रात ते दिसत नाही.
चौथ्या दिवशी केकला बुरशी आली.
सातव्या दिवशी राजा रडत म्हणाला,
मला आता कुणीच व्हायचं नाही.

रोज दिवेलागणीला तो गेला
की आई टरफलं वेचून वाडग्यात ठेवायची,
फरशी घासायची,
आणि पहाटे उठून एकेक टरफल
होतं तिथंच मांडायची.
मग दुपारी पेंगेल नाही तर काय?

शेवटच्या दिवशी तिनं एक कमी मांडलं.
त्याच्या लक्षात आलं नाही. त्यानं दिसलं तसं रंगवलं :
आईच्या खुर्चीपुढं
एक काळी फरशी, लख्ख,
तिच्यात खिडकीचा उजेड पडलाय.

"काय बघतेस गं एवढं?" साहेबांनी एकदा विचारलं.
म्हटलं, धूळ राहिलीय का ते.