बाहेरून

बी.ए. मी बाहेरून केलं.
म्हणजे अगदी खरोखर बाहेरून:
कालिन्याच्या फाटकासमोर, रस्त्याच्या या बाजूला,
पेडणेकरकाकांच्या झेरॉक्सच्या दुकानात
लंगड्या स्टुलावर बसून, चार वर्षं.
(वर्षं तीनच असतात. अर्थशास्त्र एकदा राहिलं.)

आता जुलैत आत जायचंय.
एम.ए., भूगोल, रेग्युलर.
हा शेवटचा शब्द मी मेभर
जिभेखाली धरून आहे, गोळी विरघळू नये तसा.

तयारी करायची म्हणजे काय करायचं?
आई म्हणते, चष्म्याची काडी बदलून घे.
वेदांग म्हणतो, आधी तो ईमेल बदल,
क्यूटज्ञानू झिरोवन घेऊन बसणार आहेस वर्गात?
काका काही म्हणत नाहीत.
टोनर हलवून परत आत सरकवतात.

फॉर्मवर आडनावाला अकरा चौकटी.
घाडीगावकर इंग्रजीत बारा अक्षरी.
तीनदा लिहून पाहिलं,
शेवटचा आर दर वेळी बाहेर.
खिडकीतल्या बाई म्हणाल्या, राहू दे, चालतं,
तुमच्याकडे असंच असतं का सगळं लांबलचक?
मी हसले. मग बसस्टॉपवर आल्यावर
हसले नसते तर बरं, असं वाटलं.

माझ्या पलंगाखाली पाठकोऱ्यांचे गठ्ठे आहेत.
दुसऱ्यांच्या नोट्सच्या वाकड्या, फिक्या,
अर्ध्यात कापल्या गेलेल्या प्रती,
गिऱ्हाइकाने नको म्हटलेल्या, मी घरी नेलेल्या.
त्यांच्यावरच शिकले जे काय शिकले ते.
पान एकेचाळीसनंतर थेट चव्वेचाळीस,
त्यामुळे हिमनदी डोंगरावरून निघते कशी ते मला पाठ,
समुद्राला पोचते का, ते माहीत नाही.
पंखा गरम हवा ढकलत असतो,
पाठ स्टुलाला चिकटते,
आणि मी बोटाने बर्फ पुढे सरकवत असते
कोऱ्या बाजूवर.
या सुट्टीत ठरवलंय, राहिलेली पानं शोधायची.
यादी केली. यादीच दोन पानी झाली.

एका रविवारी दुपारी वाट बघून यावी म्हणून गेले.
फाटकावरचे शिरोडकर, रोज माझ्याकडून
ड्युटीचा तक्ता काढून नेणारे,
म्हणाले, कुणाला भेटायचंय?
त्यांचं चुकलं नाही.
उभी मला त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

आत ऊन, आणि ऊन पडून राहायला केवढी जागा.
विभागाला कुलूप. जिन्यात झाडू टेकवून
एक मावशी डबा खात होत्या,
पाणी कुठे गार येतं ते त्यांनी न विचारता सांगितलं.
फळ्यावर गेल्या वर्षीचं वेळापत्रक.
डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत बारीक काळी रेघ.
ही रेघ मी कुठेही ओळखेन,
आमच्या मशीनची काच तिथे चरली आहे.
बराच वेळ उभी राहिले त्याच्यापुढे.
कुठल्या दिवशी काढली असेन ही प्रत,
किती घाईत, कुणाला किती सुटे परत देत.

आता संध्याकाळी वेदांगला शिकवते.
कागद अडकला तर हिसडा मारायचा नाही.
झाकण उघड, रूळ निवू दे,
मग दोन्ही हातांनी, ज्या दिशेने आत गेला त्याच दिशेने.
आणि रडवेला चेहरा करून कुणी आलं,
शेवटची तारीख आहे म्हणालं,
तर रांगेत पुढे घ्यायचं. बाकीचे ओरडतात, ओरडू दे.

काल माझ्या कागदांचे दोन संच काढले.
गुणपत्रिका, दाखला, आधार, फोटोची मागची बाजू चुकून.
शटरपाशी काका हिशेबाची वही घेऊन उभे.
चोवीस रुपये, म्हणाले.
मी बघतच राहिले.
गिऱ्हाईक आहेस ना आज, म्हणाले,
आणि तो चुकलेला कागद मोजला नाहीये मी.

पंचवीस दिले.
रुपया नव्हता त्यांच्याकडे. जुलैत देतो म्हणाले.