पान बारा

तुर्भे स्टोअरच्या पालिका शाळेत
जिन्याखालच्या खोलीत आमचं वाचनालय:
दोन कपाटं, कुरकुरणारा पंखा,
आणि शिक्क्याची शाई, जी मीच घरून आणते.

थोरांच्या चरित्रांचा कप्पा आवरताना दिसलं,
पुस्तकं अर्धीच मळलेली.
शास्त्रज्ञ असो, धावपटू असो, पूल बांधणारी बाई असो,
बाराव्या पानापर्यंत बोटांचे ठसे,
चिंचेचा डाग, वरणाचा थेंब.
पुढे कोरं करकरीत.

कार्डांवर नाव एकच. सुयोग झोरे, सहावी ब.

विचारलं, तर नखाने टेबल कोरत म्हणाला,
"बारापर्यंत तो गणितात नापास होतो,
आईची बोलणी खातो, चप्पल हरवतो.
मग बोटीत बसून शिकायला जातो.
मग तो आपल्यात नसतो, बाई."

मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं बहुधा.
तारखेचा शिक्का मारला, पुस्तक दिलं.

सोमवारी पूल बांधणारी परत आली.
सतराव्या पानात खूण:
बटाटा मार्केटची काट्याची चिठ्ठी,
पन्नास किलोच्या गोण्या, दोनशे दहा.

"पप्पांना वाचून दाखवतो रात्री.
ते पाठीला तेल लावून पालथे पडतात
आणि विचारतात, पुढं?
एवढ्या पुलाचं सिमेंट उचललं कुणी?
लिहिलंय का बघ पुढं."

पुस्तकाला एकूण बत्तीस पानं.
मी मुदत वाढवून दिली.