सावलीचं माप

दर्यापूरच्या या खोलीत पंखा नुसता गरगरतो.
जेल गार लागतो, उकंडराव दचकतात.
श्वास घ्या. धरा.
यकृताच्या काठाकाठानं मी मूत्रपिंड शोधते.
राखाडीत एक पांढरा ठिपका,
कडा पिंजलेल्या कापसासारख्या.
मागच्या खेपेला याच कडा धरून
मी आठ मिलिमीटर लिहिले होते,
अन् पोराने अकोल्याच्या ऑपरेशनसाठी
बकऱ्यांचं गिऱ्हाईक पाहून ठेवलं.

आज रंग लावते. ठिपका चमचमतो,
लाल, निळा, मांडवातल्या माळेसारखा.
खडाच आहे.
पण आता खड्याला सोडते
आणि त्याच्यामागची काळी पट्टी मोजते.
ध्वनी खडा फुगवून सांगतो,
सावली तेवढी फुगत नाही.
पाच.

"गोटा सोडून सावली काहाले मापता, बाई?"
मग स्वतःच, पोट पुसता पुसता,
"मोजनीत होतो मी. सायेब निंबाची उंची
सावलीवरूनच काढे."

पाचचा बहुतेक निघून जातो, सांगते मी.
बकऱ्या राहू द्या.
पाणी प्या फक्त, दिवसाला तीन लिटर.

सदऱ्याच्या गुंड्या लावत
ते दारापाशी थांबतात.
"कोन्तं पानी, बाई?
हापशीचं तं ढोरंही पेत नाईत."