हाडं फुटून राहिले

दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर, मेडिकल चौकापासून जवळच,
कूलरच्या वाळ्यावर पाणी मारून झालं की माझं काम सुरू.
सिस्टर शब्द टाइप करते,
माझा प्रोग्रॅम तो नेऊन विचारतो दूरच्या एका कोशाला,
कोश देतो आकडा.
शुगर म्हणा, मधुमेह म्हणा, गोड लघवी म्हणा,
भंडाऱ्यातून विचारा नाहीतर बल्लारशाहून,
आकडा तोच.
मला याचा अभिमान होता. अजून आहे.

मे महिन्यात, एका मंगळवारी, पारशिवनीकडून आली
तुळजा कुमरे, वय अकरा,
गुडघे पोटाशी घेऊन, बाकावर आडवी.
माय म्हणाली, "हाडं फुटून राहिले जी पोरीचे. रातभर."
शीला सिस्टरनी लिहिलं जसंच्या तसं.
प्रोग्रॅमनं "जी" गाळलं, "राहिले" गाळलं,
रात्र तर गाळलीच,
हाड घेतलं, फुटणं घेतलं
अन् पाव सेकंदात सांगितलं:
अस्थिभंग.

पाव सेकंद!
याच वेगाचा तक्ता मी डीनसाहेबांना रंगीत छापून दिला होता.

पोरगी एक्स-रेच्या रांगेत दीड तास.
फिल्ममध्ये हाडं सगळी धड.
मायनं ती खिडकीकडे धरली, उलटी,
"तुटले कुठं म्हटलं मी? फुटून राहिले म्हटलं."

रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी. सिकलसेल.
त्याचा आकडा आमच्याकडे होता,
पहिल्या दिवसापासून होता.
फक्त त्याच्यापर्यंत जायची वाट
पारशिवनीहून निघत नव्हती.

रात्री नवी ओळ भरायला बसलो.
शब्द: हाडं फुटणे. अर्थ: आतून, न तुटता.
पुढची चौकट सक्तीची: संदर्भ.
लिहिलं, तुळजाची माय.
चौकट लाल झाली.
नाव खोडलं, गाव लिहिलं. लाल.
समिती बसते तीन महिन्यांनी,
तोवर सिस्टरच्या टेबलाच्या काचेखाली
एक चिठ्ठी सरकवून ठेवली आहे, माझ्या अक्षरात,
आणि त्यात भर पडते आहे:
चमक निघते. डोक्शात भणभण. आंग कसकसून राहिलं.
परवा कोणीतरी पेन्सिलीनं लिहून गेलं, जीव लागत नाही.
याला काय आकडा द्यावा
मला कळत नाही.

सुट्टी झाली तेव्हा माय जिन्यात थांबली.
"लिवलं ना जी, मी म्हटलं तसंच?"
हो म्हणालो.
मग तिसऱ्या मजल्यावर जाऊन
ती लाल चौकट पुन्हा उघडली.